चिऱ्यातलं पाणी

आईच्या स्वयंपाकघराच्या दारामागे २०२१ चं कॅलेंडर अजून टांगलेलं आहे. ऑगस्टच्या पानावर ७ तारखेपासून रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडे घातलेत : ११, १२, १२, साडेदहा, ९. नवीन माणूस ते पाहून दचकतो. तीन माणसांच्या घरात रोज बारा लिटर दूध? आई हल्ली कुणाला समजावत बसत नाही. ते दूध नाही, माजघराच्या भिंतींतून काढलेलं पाणी आहे. दुधाचा हिशेब जिथे मांडायचा तिथेच तिनं तोही मांडला. ते कॅलेंडरही आमचं नव्हे, सावर्ड्याच्या मावशीनं दिलेलं. आमचं जुलैच्या पानासकट गेलं.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते पुन्हा सांगत नाही. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या एकदम गावात शिरल्या, महाबळेश्वरला एका चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हे तेव्हा सगळ्यांनी वाचलंय. बाजारपेठेमागच्या आळीत आमचं घर. २००५ च्या जुलैत तिथे तीन फूट पाणी आलं होतं, म्हणून त्यानंतर दादानं फ्रीजखाली, कपाटाखाली तीन फुटांचे ओटे बांधून घेतले होते. या वेळी पाणी साडेसात फुटांवर थांबलं. आई, दादा, वहिनी शेजाऱ्यांच्या स्लॅबवर. मी पुण्यात, फोनच्या एका टोकाला, आणि दुसरं टोक बंद.

मी पोचले तेव्हा पाणी उतरलं होतं आणि चिखल उरला होता. त्या आठवड्यात मी फावडं, घमेलं, खराटा एवढंच पाहिलं. चिखल काढून झाला की पाण्याच्या फवाऱ्यानं भिंती धुतल्या, मग ब्लीचिंग पावडर. ओल्या घरात आणखी पाणी मारायचं म्हणजे वेडेपणा वाटतो, पण पुराच्या पाण्यात गटार असतं, मेलेलं जनावर असतं, पेट्रोलपंपावरचं डिझेल असतं. तसंच वाळवलं तर ते सगळं भिंतीत वाळतं. अमेरिकेत पाणी शिरलेली घरं दुरुस्त करणाऱ्यांचं एक रीतसर मानक आहे, त्यात पाण्याचे तीन वर्ग केलेत : नळाचं स्वच्छ, वॉशिंग मशीनमधून सांडलेलं मळकट, आणि तिसरं हे, ज्याला ते काळं पाणी म्हणतात. आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. त्या आठवड्यात दोन्हींत फारसा फरक वाटत नव्हता.

घर धुऊन झालं. आता वाळवायचं. इथून आमच्या घरात भांडण सुरू झालं.

दादाचं गणित सरळ होतं. १० सप्टेंबरला गणपती. पुरापासून बरोबर पन्नास दिवस. कोकणातल्या घराला एरवी रंग लागो न लागो, गणपतीला लागतोच, आणि या वर्षी तर लागायलाच हवा होता. म्हणजे पंखे लावा, खिडक्या उघडा, महिनाभरात भिंती वाळवा, रंगारी बोलवा. आईचंही तेच म्हणणं, फक्त तिला पंख्यांच्या जोडीला शेगडी हवी होती. आम्ही पावसाळ्यात जन्मलेली भावंडं. आमचे लंगोट तिनं निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून वाळवलेत. टोपलीवर लंगोट पसरायचे, खालून ऊब, वर ओव्याची धुरी. ते तंत्र तिच्या हातात होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. कपडा वाळवायला लागतात त्या तिन्ही गोष्टी त्या टोपलीत होत्या : ऊब, हलती हवा, आणि वाफेला निघून जायला वाट.

अडचण तिसऱ्या गोष्टीत होती. लंगोटातलं अर्धा पेला पाणी खोलीच्या हवेत मावतं. भिंतीतलं मावत नाही.

हे मला ठाऊक होतं, पण माझ्या शहाणपणामुळे नव्हे, छापखान्यामुळे. मी पुण्यात एका ऑफसेट छापखान्यात उत्पादनाचं काम बघते. पावसाळा आला की कागद सादळतो. पापड सादळतो तसाच. कडा लाटेसारख्या होतात, ताव किंचित फुगतो, आणि चार रंगांपैकी दुसरा रंग छापायला घेतला की रजिस्टर बसत नाही, म्हणजे रंगावर रंग जागच्या जागी पडत नाही. ओठांची लाली हनुवटीवर येते. म्हणून आमच्याकडे कागदाच्या खोलीत हवेतली ओल मोजणारी तबकडी आहे आणि हवा कोरडी करणारं मशीन आहे, डिह्युमिडिफायर. घरगुती एसीचा जन्मही खरं तर छापखान्यातलाच. १९०२ च्या जुलैत ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात कागद फुगून रंग सरकायला लागले, तेव्हा विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनियरनं हवेतली ओल काढायची योजना आखली. माणसांना गार वाटावं हा त्यातला नंतरचा फायदा. आम्ही छापखान्यातले लोक ही गोष्ट जरा जास्तच वेळा सांगतो, माफ करा.

तर मालकांना विचारून मी तिथलं जुनं, बदली म्हणून ठेवलेलं मशीन गाडीत घातलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चिपळूणला आणलं. आमच्या आळीत वीज आली होती, वायरिंग नवीन केलं होतं, अर्थिंग तपासून घेतलं होतं. मशीन पाहून आईचा पहिला प्रश्न : "हा कूलर का आणलास? इथे गारठ्यानं मरतोय."

मी म्हटलं, "आधी दारं-खिडक्या बंद करूया."

त्यावर आई जे बोलली ते लिहीत नाही. मथितार्थ असा, की ओलं घर बंद करून ठेवायचं हे कुठल्या शाळेत शिकवतात. तिचं चुकत होतं असंही नाही. डिसेंबर असता तर मीही खिडक्या उघड्या टाकल्या असत्या. पण श्रावणात चिपळूणच्या हवेत ओलीचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर असतं. अशी हवा आत घेऊन भिंत वाळवणं म्हणजे ओल्या फडक्यानं ओली ताटं पुसणं. पंखा कितीही जोरात फिरवा, तो पाणी इकडचं तिकडे करतो, घराबाहेर नेत नाही.

त्या संध्याकाळी मी जेवणानंतर हिशेब मांडला. दादा कॉमर्सवाला आहे, त्याला आकडे दाखवले की तो निदान ऐकून घेतो.

आमचं माजघर बारा बाय दहा, उंची दहा फूट. बाराशे घनफूट हवा, म्हणजे ३४ घनमीटर. २६ अंशांची अगदी ओलीचिंब हवा घेतली तरी एका घनमीटरात पाण्याची वाफ मावते २४ ग्रॅम. म्हणजे अख्ख्या खोलीतल्या हवेत पाणी किती, तर पाऊण-एक लिटर. एक तांब्याभर.

आता भिंत. आमच्या भिंती चिऱ्याच्या. जांभा दगड सच्छिद्र असतो, चांगला चिरासुद्धा आपल्या वजनाच्या दहा टक्के पाणी सहज पितो. बारा फूट लांब, साडेसात फूट भिजलेली, पाऊण फूट जाडीची भिंत धरली तर दगडाचं वजन चार टनांच्या आसपास. तिनं पोटभर पाणी पिऊन घेतलं असेल तर चारशे लिटर. चारी भिंती मिळून दीड हजार लिटर. गच्चीवर ठेवतात तशी टाकी, तीही मोठी, भिंतीत भरलेली.

"म्हणजे तांब्या-तांब्यानं टाकी उपसायची," दादा म्हणाला.

हो. आणि हवेचा तांब्या भरला की तो कुठेतरी ओतून यायचा, मगच पुढचा. उघड्या खिडकीतून येणारा तांब्या आधीच भरलेला. डिह्युमिडिफायरचं काम एवढंच : खोलीतली हवा आत ओढतो, थंड नळ्यांवरून नेतो, तिथे वाफेचं पाणी होऊन खालच्या बादलीत टपकतं, आणि तीच हवा गरम नळ्यांवरून परत खोलीत सोडतो. तांब्या रिकामा करून परत देतो. आईसाठी मी मावशीच्या घरून आणलेल्या बर्फाचा स्टीलचा पेला समोर ठेवला. पाच मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटला, खाली तळं झालं. आई म्हणाली, "एवढंच ना? मग एवढं मोठं खोकं कशाला?" पण खिडकी तिनं स्वतः लावली.

खिडकी लावून काम भागलं नाही, कारण माजघर कौलारू. कौलांतून घर श्वास घेतं ही एरवी कौतुकाची गोष्ट, पण त्या दिवसांत आख्खं कोकणचं आभाळ त्या फटींतून खाली येत होतं. मग डोक्यावर प्लास्टिकचा कागद ताणून बांधला, चारी बाजूंनी खाली सोडला, भिंती आणि आम्ही आत. दादा म्हणाला, गणपतीच्या आधीच मखर झालं. पुढे वाचताना कळलं की परदेशात हे काम करणारेही असंच करतात, ओल्या भागापुरता प्लास्टिकचा तंबू ठोकतात, म्हणजे मशीनला सगळं घर वाळवावं लागत नाही.

मशीनला आईनं नाव ठेवलं पाणक्या. "पाणक्या आज किती देतोय?" त्याची बादली सहा लिटरची. भरली की ते आपोआप बंद पडतं, म्हणजे रात्री एकदा उठणं आलं. मागे नळी जोडून पाणी सरळ मोरीत सोडायची सोय होती. आईनं लावू दिली नाही. "मग कळणार कसं?" म्हणून संध्याकाळी सहाला आणि पहाटे, मापानं मोजून, कॅलेंडरवर. पहिल्या दिवशी ११ भरले तेव्हा ती त्या बादलीकडे बराच वेळ बघत राहिली. पाणी एकदम स्वच्छ. ज्या पाण्यानं घरात विटाळ केला तेच हे, आणि इतकं नितळ. "तुळशीला घालू?" तिनं विचारलं. घालायला हरकत नव्हती, पण तुळशीवृंदावनावरून पूर गेला होता. तुळस नव्हतीच. दादाला ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं होतं. ते करू नका, वाफेचं असलं तरी मशीनच्या धातूच्या नळ्यांवरून आलेलं असतं. शिवाय बॅटरीही पुरात गेली होती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

पंख्यांची गोष्ट वहिनीची. आम्ही छताचा पंखा आणि दोन स्टँडचे पंखे खोलीच्या मधोमध लावले होते, वारा अंगावर छान लागत होता. वहिनीनं तिसऱ्या दिवशी एक पंखा उचलला आणि कोपऱ्यात, भिंतीला घासून जाईल असा तिरका ठेवला. का, तर दुधावर साय धरते तशी भिंतीवर हवेची साय धरते, ती वारा लागल्याशिवाय फाटत नाही. तिनं हे शब्द वापरले नाहीत, ती म्हणाली, "मधोमध कोण बसलंय वाळायला?" पण साय हेच त्यातलं शास्त्र. भिंतीला चिकटून स्थिर हवेचा एक पातळ थर असतो, तो ओलीनं भरला की भिंतीचं वाळणं थांबतं, मग खोलीची बाकीची हवा कितीही कोरडी असो. घर वाळवायच्या धंद्यातले ब्लोअर गोगलगायीच्या आकाराचे असतात ते त्याचसाठी. ते जमिनीवर बसतात आणि सपाट तोंडातून भिंतीच्या बुडाशी जोराचा वारा सरपटत सोडतात. आपल्याकडे हॉटेलांचे गालिचे धुणाऱ्यांकडे दिसतात कधीकधी. आम्ही स्टँडच्या पंख्यांवर भागवलं, वहिनी दर चार तासांनी त्यांची जागा बदलायची.

आणि जागा ठरवायची कशी? हाताच्या मागच्या बाजूनं. पहाटे, पंखे पाच मिनिटं बंद करून, ती भिंतीवरून हाताची पाठ फिरवायची. ताप बघावा तशी. जिथे गार लागेल तिथे ओल, कारण पाणी उडताना भिंतीतली ऊब घेऊन जातं. मी नंतर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची चित्रं पाहिली. त्यात ओली जागा निळी दिसते, त्याच कारणानं. कपाटामागचा एक पट्टा, दाराच्या चौकटीखालची एक वीत आणि देवघराच्या डाव्या हाताचा कोपरा, या तीन जागा वहिनीच्या हाताला शेवटपर्यंत गार लागत होत्या.

मीही एक मीटर आणलं होतं, दोन टोचण्या असलेलं. टोचण्या भिंतीत खुपसल्या की त्यांच्यामधून वीज किती सहज जाते त्यावरून ते ओल सांगतं. लाकडासाठी उत्तम. चिऱ्यावर त्याचा आकडा फक्त तुलनेपुरता घ्यायचा, आणि जिथे लोणा फुटलाय तिथे तर अजिबात ऐकायचं नाही. लोणा म्हणजे क्षार, क्षारातून वीज झटकन जाते, मीटरला वाटतं भिंत ओलीगच्च. दोन दिवस मी त्या आकड्यांच्या मागे धावत होते. मग मीटर पाकिटात ठेवून दिलं आणि वहिनीला विचारायला लागले.

याच सुमाराला ह्यूस्टनची मावसबहीण व्हिडिओ कॉलवर यायची. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळात तिच्या घरात दोन फूट पाणी आलं होतं, त्यामुळे आमच्याकडे बघून तिला कढ आला होता. ती सांगे, "अगं, सरळ चार फुटांपर्यंत भिंत कापून टाका." त्यांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे तक्ते. पूर ओसरला की तक्ते करवतीनं कापून रस्त्याकडेला ढीग लावायचा, आतला भिजका कापूस उपटायचा, उघड्या सांगाड्यावर ब्लोअर आणि डिह्युमिडिफायर रात्रंदिवस, मग नवे तक्ते. तिच्या गल्लीत प्रत्येक घरासमोर असा ढीग होता म्हणे, आणि रात्रभर सगळी गल्ली गुरगुरायची. आईनं फोन हातात घेतला आणि तिला म्हणाली, "बाळा, आमची भिंत कापायची तर वर कौलं कोण धरणार, तू?"

त्यांचं घर भिजतं लवकर, टाकून देता येतं लवकर. आमचं भिजतं सावकाश आणि टाकून देता येत नाही. म्हणून त्यांची यंत्रं आमच्याकडे तशीच्या तशी चालत नाहीत, एवढंच मला त्या कॉलवरून कळलं. चिऱ्याची, विटेची जाड भिंत वाळायला महिने घेते. पहिले काही दिवस पृष्ठभागावरचं पाणी भराभर उडतं, बादली भरते, आपण खूश. मग पाण्याला आतून, सूक्ष्म छिद्रांतून, वर यावं लागतं, आणि तिथे तुमचा पंखा पोचत नाही. कॅलेंडरवर ते स्पष्ट दिसतं. पहिल्या आठवड्याची बेरीज ७६, दुसऱ्याची ५८, तिसऱ्याची ३९, चौथ्याची २७.

तिसऱ्या आठवड्यात मात्र एक आकडा वेडावाकडा आहे. ५, ५, ५ आणि मग एकदम ९. आईला वाटलं पाणक्या सुधारला. तारीख बघितली तर २३ ऑगस्ट. आदल्या दिवशी रविवार, नारळी पौर्णिमा. राखीला माणसं येऊन गेली होती, तंबूचा एक पदर दिवसभर वर, दार सताड. जास्तीचे चार लिटर भिंतीतले नव्हतेच, बाहेरच्या हवेतले होते. आम्ही त्या दिवशी अरबी समुद्र वाळवत बसलो होतो.

शेगडीचं काय झालं? दोन दिवस आईनं तो हट्ट सोडला नव्हता. बंद खोलीत निखारे ठेवायचे नाहीत, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, हे तिला पटलं, कारण तशी एक बातमी तिनं वाचली होती. पण समोरच्या घरात त्यांनी गॅसची शेगडी आणून दारं लावून पेटवली होती, त्यांची भिंत म्हणे गरम लागत होती. भिंत गरम लागत होती हे खरं. पण गॅस जळला की पाणी तयार होतं. एक किलो गॅसचं दीड किलोहून जास्त. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, तो अख्खा जाळला तर बावीस लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन खोलीत येतं. वाळवायला लावलेल्या शेगडीनं त्यांच्या घरात आमच्या पाणक्याचं दोन दिवसांचं काम उलटं केलं असणार. मी त्यांना जाऊन सांगितलं. ते हसले. पाचव्या दिवशी त्यांच्या काळोख्या खोलीत छतावर थेंब धरले, तेव्हा त्यांनी खिडक्या उघडल्या.

बाकी घरातल्या वस्तूंचं थोडक्यात. पुठ्ठ्यासारख्या भुशाच्या फळ्यांचं कपाट फुगून पुरणपोळी झालं, ते फेकलं. सागवानी दारं फुगली, पण ती घाई न करता सावलीत वाळवली, जागेवर आली. देवघर फणसाच्या लाकडाचं, त्यावर मी उत्साहानं पंखा लावला, आणि एका रात्रीत उभी चीर गेली. लाकडाचं वरचं अंग वाळून आकसलं, आतलं फुगलेलंच होतं. आई काही बोलली नाही. ती चीर मी दर वेळी बघते.

कागदपत्रांत मात्र माझं छापखान्याचं शिक्षण उपयोगी पडलं. घराचं खरेदीखत आणि वडिलांच्या सहीच्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत, पेटी पाण्यात. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते आणि तेव्हा एकेक पान सोडवायला कुणाकडे वेळ नव्हता. म्हणून तो गठ्ठा न उलगडता प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि सावर्ड्याच्या मावशीच्या फ्रीझरमध्ये ठेवला, सुरमईच्या तुकड्यांशेजारी. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, पसरणारी शाई थांबते, आणि आपल्याला दम मिळतो. मोठ्या ग्रंथालयांत हेच करतात, पुढे गोठलेलं पुस्तक निर्वात पेटीत ठेवून बर्फाची थेट वाफ करतात. आम्ही दिवाळीत ते बाहेर काढून, पानांमध्ये टीपकागद घालून, बदलत बदलत वाळवलं. खरेदीखताला आजही थोडा मासळीचा वास येतो, असं दादा म्हणतो. मला येत नाही.

ग्रंथालयाचं मनात आलं ते उगाच नाही. आमच्या गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २०१३ चं साहित्य संमेलन गावात भरलं तेव्हा आम्हाला त्या वाचनालयाचा केवढा तोरा होता. त्या पुरात त्यांची हजारो पुस्तकं भिजली. मी एकदा त्या बाजूला गेले होते. ओल्या पुस्तकांचा वास छापखान्यातल्या माणसाला फार ओळखीचा असतो, पण इतका मोठा मी कधी घेतला नव्हता. आत गेले नाही.

सप्टेंबर उजाडला तेव्हा पाणक्या रोज तीन-साडेतीन लिटरवर आला होता. ८ तारखेपर्यंतची सगळी बेरीज २१७. मी दीड हजारांचा अंदाज सांगितला होता, त्यामुळे दादानं मला विचारलं, "उरलेलं कुठाय?" भिंतीत. दुसरं कुठे असणार? थोडं कौलांच्या फटींतून गेलं असेल, माझा अंदाजही जरा भरघोस असेल, पण वाळली होती ती भिंतीची कातडी. चार बोटं, फार तर. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून सोळा तास ठेवला आणि काढला, तर आतून दव. म्हणजे अजून येतंय.

रंगारी आला. त्याचा सल्ला, पुट्टी मारून वर प्लास्टिक पेंट, चकाचक, वर दोन वर्षांची हमी. हमी ऐकून दादा विरघळला. मी चुना म्हटलं. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो, आतली वाफ बाहेर पडते. प्लास्टिक पेंट म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट. शेवटी तह झाला, माजघराला चुना, ओटीला दादाच्या आवडीचा फिकट पिवळा प्लास्टिक पेंट. गणपती माजघरात बसले. चुन्याची भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसत होती, साडेसात फुटांवरची रेघ चुन्याखालूनही कळत होती. आरतीला आलेला प्रत्येक माणूस आधी गणपतीकडे बघायचा आणि मग त्या रेघेकडे, आणि आपल्या घरातली रेघ किती फुटांवर ते सांगायचा.

ओटीचा पिवळा रंग दिवाळीला फुगला. नाताळाला पोपडे. दादानं एक पोपडा नखानं फोडला तर आतून चक्क थेंब आला. रंगाऱ्याची हमी फक्त रंगाची होती, भिंतीची नव्हती, असं त्याचं म्हणणं.

खरी भिंत वाळली ती थंडीत. रात्री मतलई वारे सुटले, हवा कोरडी झाली, मग आम्ही दारं-खिडक्या, कौलांमधली एक फळी, सगळं उघडं टाकलं. ज्या कामाला मशीननं एक महिना धाप लागेपर्यंत पळून सव्वादोनशे लिटरसुद्धा काढलं नाही, ते पौष-माघातल्या वाऱ्यानं न बोलता केलं. मग मशीन आणलं ते फुकटच का, असं दादा विचारतो. नाही. गणपतीपर्यंत माजघरात बुरशी धरली नाही. आई तिथे झोपू शकली, तिचा दमा उसळला नाही. चतुर्थीला माणसं भिंतीला टेकून बसली आणि उठताना कुणाच्या सदऱ्याला ओल नव्हती. तेवढ्यासाठीच होतं ते.

मशीन मी परत नेलं. जाताना ओल मोजायची छोटी तबकडी आईनं ठेवून घेतली, तीनशे रुपयांची, माजघराच्या खिळ्याला टांगलेली. पहिले काही दिवस ती तिकडे संशयानं बघायची. आता रोज संध्याकाळी फोनवर आधी आकडा येतो, मग बाकी बोलणं. गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस पडून गेला त्या दिवशीही आला.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "पापड लाटायचे ठरवले होते आम्ही दोघींनी. वहिनीनं भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, आज नको."